जुन्या एमजीचा रंग राहू द्या, आधी ब्रेक उघडा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडली की नागपुरातल्या जुन्या मोटारी शेडमधून बाहेर निघतात. वर्तमानपत्रांत फोटो येतात: चकचकीत बंपर, तारांची चाके, नवे कातडी सीट. त्यात एखादी दोन सीटची ब्रिटिश स्पोर्ट्‌स गाडी असली, एमजी टीडी, एमजीबी किंवा ट्रायम्फ, तर गर्दी तिथेच होते. आमचे पत्र फोटोत न दिसणाऱ्या भागाबद्दल आहे. रंगाला आणि क्रोमला पैसा सैल सुटतो आणि ब्रेकची वेळ आली की "एका चाकाची किट (रबरी भागांचा संच) टाकली, हवा काढली, चालते आता" यावर भागवले जाते. दहा-पंधरा वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीला एवढ्याने भागत नाही. पेडलच्या जोराने ऑईलवर दाब आणणाऱ्या मास्टर सिलिंडरपासून चौथ्या चाकापर्यंत सगळी व्यवस्था एकाच वेळी उघडून केली नसेल, तर ती गाडी वर्धा रोडवर आणू नये, असे आमचे मत आहे.

कारण साधे आहे. आजच्या मोटारीत ब्रेकच्या दोन स्वतंत्र लाइनी असतात. एक फुटली तरी दुसरी गाडी कशीबशी थांबवते. एमजीच्या टीसी (१९४५ ते १९४९), टीडी (१९५० ते १९५३) आणि १९६२ पासूनच्या सुरुवातीच्या एमजीबी यांत मास्टर सिलिंडर एक आणि लाइनही एकच. कुठल्याही एका चाकाचा कप (ऑईल अडवून धरणारी रबरी टोपी) फाटला किंवा एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले, उरतो फक्त हँडब्रेक. आणि एकाच चाकाची किट बदलली तर गळती थांबत नाही, जागा बदलते. नव्या कपाने दाब पूर्ण बसू लागला की उरलेल्या तीन चाकांतले जुने, कडक झालेले कप तो दाब सोसत नाहीत. आठवडाभरात दुसऱ्या चाकाच्या आतल्या बाजूने ओघळ दिसतो.

ड्रम (चाकाबरोबर फिरणारे ब्रेकचे भांडे) काढण्याआधी एक गोष्ट. जुने लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणारे अस्तर) ॲस्बेस्टॉसचे असतात असे धरूनच चालावे. आपल्याकडे ड्रम निघाला की कॉम्प्रेसरची हवा मारून सगळी काळी भुकटी उडवायची पद्धत आहे. ती भुकटी फुप्फुसात जाऊन बसते आणि तिचे दुखणे वीस-तीस वर्षांनी वर येते. हवा मारू नका. पाण्याचा बारीक फवारा मारून ओल्या फडक्याने पुसा, फडके ओले असतानाच पिशवीत बांधून टाका. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही. काही हौशी मालक "मूळचेच लायनर हवे" म्हणून जुना साठा शोधत फिरतात. त्या हौसेला आमचा पाठिंबा नाही. बिनॲस्बेस्टॉसचे लायनर चिकटवून किंवा रिव्हेट मारून सहज मिळतात.

आता सिलिंडर. या गाड्यांचे व्हील सिलिंडर, म्हणजे चाकातले सिलिंडर, ओतीव लोखंडाचे किंवा ॲल्युमिनियमचे, आणि मापे इंचात. टीडीत ७/८ इंच, म्हणजे २२.२ मि.मी. बाजारात २२ मि.मी.चा कप सहज मिळतो आणि "बसतो की" म्हणून टाकला जातो. बसतो खरा, पण कपाच्या ओठाचा (कडेचा) ताण कमी पडतो. जोरात ब्रेक दाबल्यावर दाबाने तो पसरतो आणि टिकतो. हलक्या पायाला आणि गाडी उभी असताना मात्र झिरपत राहतो. आतल्या भिंतीवर नख फिरवून बघा. हलका डाग असेल तर बारीक होनने (आतून घासायच्या दगडाने) जाईल. नखाला खड्डा लागला तर होन करत बसू नका; खड्डा जाईपर्यंत घासले तर माप मोठे होते आणि नवा कपही गळतो. तिथे स्लीव्ह (आत बसणारी नवी नळी) टाकणे हाच उपाय. हिंगणा एमआयडीसीत हे काम नीट करू शकणारे लेथवाले आहेत, फक्त त्यांना नेमके सांगावे लागते. सिलिंडर मोठा करून पितळ किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह रिटेनिंग कंपाउंड (पक्के चिकटवणारे द्रव्य) लावून दाबून बसवायची आणि शेवटचे माप मूळ इंचातलेच ठेवायचे. आतला पृष्ठभाग आरशासारखा नको, खूप गुळगुळीत भिंतीवर ऑईलचा थर टिकत नाही. बारीक होनचे तिरपे ओरखडे राहू द्यायचे.

मास्टर सिलिंडरची स्लीव्ह यापेक्षा नाजूक काम. त्याच्या भिंतीत दोन भोके असतात. एक मोठे, ऑईल आत घेणारे. दुसरे एक मिलीमीटरहूनही बारीक, पेडल सोडल्यावर दाब परत टाकीत सोडणारे. स्लीव्ह टाकल्यावर दोन्ही भोके अगदी मूळ जागी पाडावी लागतात आणि बारीक भोकाची आतली धार मोडावी लागते. ती धार राहिली की प्रत्येक दाबाला कपाचा ओठ तिच्यावरून घासतो. महिन्याभरात ऑईलमध्ये रबराचे काळे कण दिसतात आणि पेडल हळूहळू खाली बसायला लागते. मालक म्हणतो किट खराब निघाली. बऱ्याचदा किट चांगलीच असते.

धुण्याचे काय? रॉकेल, पेट्रोल, डिझेल यांतले काहीही ब्रेकच्या रबराजवळ नको. गॅरेजात सगळेच रॉकेलच्या ट्रेमध्ये धुतले जाते आणि ब्रेकचा घात तिथेच होतो. खनिज तेलाचा अंश राहिला तरी ब्रेकचे रबर फुगते, मऊ पडते आणि पिस्टन परत सरकत नाही. धुवायला स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. जोडताना कपांना स्वच्छ ब्रेक ऑईल लावा. डस्ट बूटखाली हवे तर लाल रबर ग्रीस, बेअरिंगचे पिवळे ग्रीस मुळीच नको. चुकून कोणी टाकीत इंजिन ऑईल किंवा पॉवर स्टिअरिंगचे ऑईल ओतले असेल तर नुसते फ्लश करून सुटका नाही: एकूण एक रबर, होजसकट (रबरी नळ्यांसकट), फेकावे लागते.

पाइपांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण नागपुरात सर्वांत धोकादायक जुगाड इथेच होतो. ब्रेकचा पाइप ३/१६ इंचाचा, म्हणजे पावणेपाच मि.मी.चा. एसी आणि फ्रीज दुरुस्त करणाऱ्यांकडे साधारण त्याच जाडीची मऊ तांब्याची नळी असते. हाताने वाकते, फ्लेअर (टोकाचे पसरवलेले तोंड) पटकन होतो, दिसतेही छान. म्हणून सर्रास तीच टाकतात. शुद्ध तांबे कंपनाने कडक होत जाते आणि फ्लेअरच्या मानेशी एक दिवस चिरते. फ्रीजमध्ये ती नळी हलत नाही, मोटारीखाली रोज थरथरते. ब्रेकसाठी एक तर मुलामा दिलेली दुहेरी भिंतीची स्टीलची नळी घ्या, नाही तर तांबे-निकेलची, ज्यात साधारण दहा टक्के निकेल असते. तांबे-निकेल गंजत नाही, हाताने वाकते आणि कंपन सोसते. महाग आहे, पण अख्ख्या गाडीला लागते आठ-नऊ मीटर.

पाइपाइतकेच नटांकडे लक्ष हवे. एमजीबीत ब्रेक पाइपांचे नट ३/८ इंच यूएनएफचे (बारीक इंची आट्यांचे), इंचाला २४ आटे. आपल्या मारुतीपासून पुढच्या बहुतेक गाड्यांत १० मि.मी.चे, १ मि.मी. पिचचे (दोन आट्यांतले अंतर १ मि.मी.). डोळ्याला फरक कळत नाही. इंची नट १० मि.मी.च्या भोकात ढिला जातो, दोन आटे धरतो आणि जोरात ब्रेक मारल्यावर उपटून येतो. उलट १० मि.मी.चा नट इंची भोकात पान्ह्याने रेटला की सिलिंडरचे आटेच सोलून निघतात. नियम एकच: नट बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे, पान्हा फक्त शेवटच्या आवळण्याला. फ्लेअरचेही दोन प्रकार आहेत. बाहेरून आटे असलेल्या नटाला फुगीर तोंड, आतून आटे असलेल्या नटाला दुहेरी घडीचे शंकूसारखे तोंड. एकाच्या जागी दुसरे केले तर कितीही आवळा, झिरपणारच. टीसी-टीडीच्या मालकांना आट्यांचा घोळ नवा नाही: त्यांच्या इंजिनात आटे मेट्रिक आणि बोल्टची डोकी व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश मापाच्या) पान्ह्याची. तिथे प्रत्येक बोल्ट मूळ भोकात लावून बघितल्याशिवाय नवा आणू नये.

रबरी होज तर दिसायला कितीही चांगले असोत, बदला. बाहेरून तडा नसतो, पण आतले अस्तर फुगून नळी बंद होते. दाबताना पायाचा जोर ऑईल ढकलतो; सोडल्यावर परत यायला जोर नसतो, म्हणून ते एक चाक धरून बसते. होज बसवण्याचा क्रम ठरलेला: आधी सिलिंडरमध्ये नव्या तांब्याच्या वॉशरसकट आवळायचा, मग ब्रॅकेटमधून काढून तिथला नट लावायचा, मग पाइप जोडायचा. क्रम उलटा केला की होजला पीळ बसतो. मग पुढचे चाक दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, कुठे घासत तर नाही ना.

ड्रमच्या बाबतीत टीडीच्या पुढच्या चाकांवर एक चूक वारंवार होते. तिथे प्रत्येक चाकात दोन सिलिंडर आणि दोन्ही शू (लायनर लावलेले कंस) पुढे ओढणारे, म्हणजे सिलिंडर शूला चाकाच्या फिरण्याच्या दिशेनेच ढकलतो आणि ड्रम शूला स्वतःकडे खेचून घेतो. रंग देण्यासाठी दोन्ही बॅकप्लेट (सिलिंडर आणि शू धरणाऱ्या ड्रममागच्या तबकड्या) काढल्या आणि डावी-उजवी बदलून लागल्या, तर पुढे जाताना एकही शू ओढत नाही. ब्रेक लागतात, पेडलही कडक वाटते, फक्त गाडी थांबत नाही. रिव्हर्समध्ये मात्र खटकन थांबते. ही खूण दिसली की लायनर बदलत बसू नका, बॅकप्लेट तपासा.

लेथवर ड्रम फिरवून घेतला की त्याची गोलाई मोठी होते. मग शूचा कंसही त्याला जुळवून घासावा लागतो. नाही घासला तर लायनर फक्त मधोमध टेकतो आणि पेडल स्पंजासारखे लागते, लोक मात्र हवा काढत बसतात. लायनरला खडू लावून ड्रम आतून फिरवा, डाग कुठे पडतो ते दिसेल. नऊ इंची ड्रम मूळ मापापेक्षा दीड मि.मी.हून जास्त मोठा झाला असेल तर तो टाकून द्या. आणि एक्सलच्या सीलमधून आलेले तेल लायनरमध्ये मुरले असेल तर पेट्रोल टाकून जाळू नका. वरचे तेल जळते, आतले पहिल्याच गरम ब्रेकला वर येते. आधी सील, मग नवे लायनर, आणि तेही दोन्ही बाजूंचे.

ॲडजस्टमेंट सोपी. टीडीत चाकाच्या आणि ड्रमच्या भोकातून पेचकस घालून स्क्रू शू टेकेपर्यंत फिरवायचा, मग एक खाच मागे. पुढच्या प्रत्येक चाकात असे दोन स्क्रू, मागच्यात एक; पुढचा दुसरा विसरला की गाडी एका बाजूला ओढते. एमजीबीच्या मागच्या बॅकप्लेटवर चौकोनी डोक्याचा एकच ॲडजस्टर असतो. त्याला चौकोनी भोकाचाच पान्हा लावा, साध्या पान्ह्याने त्याचे कोपरे गोल होतात. ट्रायम्फ स्पिटफायरसारख्या गाडीत मागचा सिलिंडर बॅकप्लेटच्या खाचेत सरकायला हवा. गंजाने तो जाम झाला की एकच शू काम करतो आणि हँडब्रेक नुसता नावाला राहतो.

एमजीबीला पुढे डिस्क आहेत. डिस्कला दोन्हीकडून दाबणाऱ्या कॅलिपरचे पिस्टन क्रोमचे असतात. क्रोमला टोचल्यासारखे ठिपके पडले की नव्या सीलवरही ते गळतात, स्टेनलेसचे घ्यावे. पिस्टन काढताना पूर्ण दाबाची हवा मारू नका, तो सुटतो तेव्हा मध्ये आलेले बोट चिरडते. गाडीच्याच पेडलने ढकलून सैल करा, मध्ये लाकडी फळी ठेवा. कॅलिपरचे दोन अर्धे उगीच वेगळे करू नयेत.

ऑईल कोणते, हा प्रश्न हमखास येतो. डॉट ४ घ्या (डॉट म्हणजे डब्यावर लिहिलेली ब्रेक ऑईलची प्रत). कोरड्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश आणि ३.७ टक्के पाणी मुरल्यावर किमान १५५. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या उन्हाने ऑईल उकळत नाही. उकळते ते दर सिग्नलला ब्रेक मारून तापलेल्या चाकाच्या उष्णतेने, आणि तेव्हा ऑईलमध्ये गेल्या चार पावसाळ्यांचे पाणी असेल तर पेडल अचानक तळाला जाते. म्हणून गाडी चालो न चालो, दोन वर्षांनी ऑईल बदलायचेच. डॉट ५ हे सिलिकॉनचे. पाणी शोषत नाही, रंग खात नाही, म्हणून उभ्या गाड्यांना चांगले. पण ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळायचे नाही, सगळे रबर नवे आणि पाइप कोरडे असतील तरच भरायचे. त्यात हवेचे बुडबुडे अडकतात, आणि दाबावर चालणारा ब्रेकलाइटचा स्विच त्याने लवकर बिघडतो. डॉट ५.१ हे मात्र डॉट ४ च्याच जातीचे आहे; दुकानात ५ मागून ५.१ घेऊन येणारे पुष्कळ. उघडा राहिलेला अर्धा डबा पुढच्या कामाला वापरू नका.

हवा काढताना मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा. निपलला (चाकावरच्या हवा काढायच्या छोट्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या ऑईलमध्ये बुडवा. पेडल सावकाश दाबायचे, सावकाश सोडायचे. जुन्या मास्टरवर पेडल तळापर्यंत हाणू नका, कप कधी न गेलेल्या गंजक्या भागावर जाऊन कापला जातो. टीडीचा मास्टर ड्रायव्हरच्या पायाखाली, फळीच्या खाली असतो. झाकण काढण्याआधी भोवतीची धूळ पुसली नाही तर ती सरळ टाकीत पडते.

आता पेडलची मोकळी चाल. टीडीत पेडलच्या टोकाशी अर्धा इंच मोकळी चाल हवी, म्हणजे आत पुशरॉड (पेडलची ढकलदांडी) आणि पिस्टनमध्ये थोडी फट राहते. बऱ्याच जणांना पेडल वरूनच कडक हवे असते, म्हणून ते ही चाल काढून टाकतात. त्याने पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि वर सांगितलेले बारीक भोक कपाखाली झाकलेले राहते. सकाळी गाडी ठीक चालते. दोन-चार किलोमीटरवर चाके तापतात, ऑईल फुगते, परतीची वाट बंद असल्याने शू चिकटतात, त्याने आणखी तापते. व्हरायटी चौकात येईपर्यंत गाडी पहिल्या गिअरमध्येही ओढत नाही. गार झाल्यावर पुन्हा ठीक, म्हणून गॅरेजात दोष सापडत नाही.

चाक धरले असेल तेव्हाच तपासा, आणि या क्रमाने. आधी मास्टरला जोडलेला पाइप किंचित सैल करा. थेंब उडून चाक सुटले तर दोष मास्टरमध्ये किंवा मोकळ्या चालीत. नाही सुटले तर चाकाचा निपल उघडा. आता सुटले तर होज आतून बंद आहे. तरीही नाही सुटले तर सिलिंडरचा पिस्टन जाम आहे किंवा हँडब्रेकची केबल. डिस्कच्या गाडीला ड्रमच्या गाडीचा मास्टर लावलेला असेल तर तोही बघा. ड्रमच्या मास्टरच्या तळाशी लाइनमध्ये थोडा दाब राखून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, डिस्कचे पॅड त्याने कायम घासत राहतात.

मूळपण जाईल या भीतीने काही मालक हे काम टाळतात. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेल्या तरतुदीनुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. तिथे हरकत आहे ती चासी, बॉडी आणि इंजिनातल्या मोठ्या फेरफाराला. स्लीव्ह, नवे कप, नवे पाइप, नवे लायनर यांत मूळपणाला धक्का लागेल असे काहीच नाही. स्लीव्ह केलेला सिलिंडर बाहेरून ओळखूही येत नाही.

फेऱ्या भरवणाऱ्यांना एक विनंती. झेंडा दाखवण्याआधी प्रत्येक गाडीला पाच मिनिटे द्या. पूर्ण जोर लावून पेडल एक मिनिट दाबून धरायला सांगा. त्या वेळात ते खाली सरकता कामा नये. टाकीतले ऑईल काळे किंवा चहाच्या रंगाचे आहे का बघा. चारही चाकांच्या आतून हात फिरवा, ओल लागते का. सेमिनरी हिल्सच्या चढावर हँडब्रेकवर गाडी उभी राहते का, हे मालकाने आदल्या दिवशीच बघून यावे. मैदानातच ताशी वीसच्या वेगाने एकदा ब्रेक मारून गाडी सरळ थांबते का पाहा. जिचे पेडल खाली बसेल ती गाडी ट्रकवर चढवून प्रदर्शनात उभी करा, फोटो तिथेही निघतात.

आपले,
जुन्या मोटारींची कामे करणारे काही वाचक
धंतोली, नागपूर